तास किती, आणि कसले?

नमुन्यादाखल दोन अर्ज घ्या. पहिला अर्जदार अमेरिकेच्या हवाई दलात अकरा-बारा वर्षं एफ-१६ उडवत होता. त्याच्या लॉगबुकात एकूण तास १५६०. दुसरी अर्जदार एका छोट्या प्रादेशिक प्रवासी कंपनीत कॅप्टन आहे. तिचे तास ६२००, त्यातले दोन हजार कॅप्टनच्या खुर्चीतले. जागा एकच आहे, मालवाहू बोइंग ७६७ वर फर्स्ट ऑफिसरची, म्हणजे सहवैमानिकाची. कुणाला बोलवाल?

साधा हिशेब केला तर दुसरी पहिल्याच्या चौपट अनुभवी ठरते. तरीही अमेरिकेतल्या मालवाहू विमान कंपन्या गेली कित्येक दशकं पहिल्याच्या अर्जालाही तितक्याच उत्सुकतेनं हात घालत आल्या आहेत. यावरून वैमानिकांच्या खोल्यांमध्ये, हॉटेलच्या बसमध्ये आणि कॉकपिटमध्ये पहाटे तीनला जे वाद रंगतात, ते ऐकत माझी अर्धी नोकरी गेली.

मी मूळचा नागपूरचा. विमानांचं इंजिनिअरिंग शिकायला कॅन्ससमधल्या विचिटाला आलो. सेस्नाचं गाव ते. तिथंच उडायला शिकलो, मग इतरांना शिकवू लागलो, मग माल वाहू लागलो, आणि आज मोठ्या जेटवर मालच वाहतो. लष्करी गणवेश मी कधी घातला नाही. म्हणजे या वादात मी एका बाजूचा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण शेजारच्या खुर्चीत लष्करातून आलेला माणूस असणं ही माझ्यासाठी रोजची गोष्ट आहे, आणि अधूनमधून कंपनी मला अर्जदारांची लॉगबुकं तपासायलाही बसवते. त्या टेबलावर बसल्यापासून माझं मत एका जागी स्थिर झालं आहे: लष्करी की नागरी हा प्रश्न अर्जाच्या पहिल्या पानापुरता असतो. पुढची पानं उलटली की तपासायचं असतं ते त्या तासांमध्ये माणसानं नेमकं काय केलं.

माल रात्री उडतो

आधी काम समजून घेऊ. टेनेसीतलं मेम्फिस हे फेडेक्सचं मुख्य केंद्र, केंटकीतलं लुईव्हिल हे यूपीएसचं. दिवसभर देशभरातून गोळा झालेली पार्सलं संध्याकाळी विमानात चढतात, मध्यरात्रीच्या आसपास ती सगळी विमानं केंद्रावर उतरतात, दोन-तीन तासांत मालाची वर्गवारी होते आणि पहाटे तीच विमानं दुसरा माल घेऊन परत निघतात. आपल्याकडच्या जुन्या लोकांना ही पद्धत नवी वाटणार नाही. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालात दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्रीनंतर नागपूरला, सोनेगावच्या विमानतळावर एकत्र यायची, टपालाच्या थैल्या बदलायची आणि उजाडायच्या आत परतायची. माझे वडील टपाल खात्यात होते. फेडेक्सची पद्धत मी त्यांना पहिल्यांदा समजावून सांगितली तेव्हा ते म्हणाले, “मग यात नवीन काय केलं त्यांनी?”

तर हे काम रात्रीचं. मागे प्रवासी नाहीत, हवाई सुंदरी नाही, चहा विचारायलाही कुणी नाही. दोन वैमानिक आणि बंद दारामागं कधी पार्सलं, कधी घोडे, कधी लिथियमच्या बॅटऱ्या. आज मेम्फिस, परवा कोलोन, त्यानंतर ग्वांगझू, जिथं उंची फुटांऐवजी मीटरमध्ये सांगतात. शरीराचं घड्याळ कुठल्याच गावाशी जुळत नाही. त्यात भर म्हणजे, वैमानिकांच्या विश्रांतीचे जे कडक नियम जानेवारी २०१४ पासून अमेरिकेत लागू झाले, त्यांतून मालवाहू कंपन्यांना वगळण्यात आलं. ते लागू होण्याच्या काही महिने आधी, १४ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे, यूपीएसचं एक एअरबस ए-३०० अलाबामातल्या बर्मिंगहॅमला धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. चौकशीत इतर कारणांबरोबर थकव्याचाही उल्लेख झाला. भरतीच्या टेबलावर बसलेल्या माणसाच्या डोक्यात ही सगळी पार्श्वभूमी असते. दिवसा उजेडी, स्वच्छ हवेत उत्तम उडवणारा माणूस त्याला पुरेसा वाटत नाही.

१९३४ चा हिवाळा

लष्करी आणि नागरी अनुभवाची सगळ्यात महागडी तुलना अमेरिकेनं १९३४ मध्ये करून पाहिली, आणि तीही मालवाहतुकीतच. हवाई टपालाची कंत्राटं वाटताना संगनमत झाल्याच्या आरोपावरून राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी त्या फेब्रुवारीत खासगी कंपन्यांची सगळी कंत्राटं रद्द केली आणि टपाल नेण्याचं काम लष्कराच्या हवाई विभागाला दिलं. लष्करी वैमानिक धाडसी होते, तयारीचे होते. पण त्यांचं प्रशिक्षण मुख्यतः दिवसाचं, डोळ्यांनी जमीन बघत उडायचं. त्यांच्या कित्येक विमानांमध्ये अंधारात किंवा ढगात दिशा आणि तोल दाखवणारी पुरेशी उपकरणंही नव्हती. खासगी कंपन्यांचे टपाल वैमानिक मात्र वर्षानुवर्षं तेच करत आले होते: रात्र, बर्फ, ढग आणि उपकरणांच्या काट्यांवर भरवसा.

तो हिवाळा विलक्षण कडक निघाला. पहिले तिघे तर टपाल सुरू व्हायच्या आधी, मार्गांची ओळख करून घेण्याच्या उड्डाणांतच गेले. पुढच्या काही आठवड्यांत अपघात होत राहिले आणि मृतांची संख्या डझनापर्यंत पोहोचली. उन्हाळा लागायच्या आत टपाल पुन्हा खासगी कंपन्यांकडे गेलं.

याचा निष्कर्ष “लष्करी वैमानिक कच्चे” असा काढणारे तेव्हाही होते. लष्करानं मात्र वेगळा काढला. बिंगहॅम्टनमधल्या ऑर्गन बनवणाऱ्या कुटुंबातल्या एडविन लिंक यांनी जमिनीवर बसून उपकरणांच्या आधारे उडायचा सराव देणारं एक यंत्र बनवलं होतं, आणि ते जत्रेतला खेळ म्हणून जास्त विकलं जात होतं. लष्करानं त्याच वर्षी त्यातली सहा यंत्रं घेतली. आज नोकरीसाठी आलेल्या प्रत्येक उमेदवाराला ज्या सिम्युलेटरमध्ये आम्ही घाम फोडतो, त्याचं कूळ तिथून सुरू होतं. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत चित्र पालटलं होतं. रात्र, ढग, समुद्र, हजारो मैलांचं अंतर, हे सगळं लष्करी वैमानिक कोळून प्यायले होते.

मग उलटी लाट आली. चीनच्या बाजूनं जपान्यांशी लढलेल्या ‘फ्लाइंग टायगर्स’ या अमेरिकन स्वयंसेवकांपैकी रॉबर्ट प्रेस्कॉट यांनी १९४५ मध्ये जुन्या सोबत्यांना गोळा करून एक मालवाहू कंपनी काढली. नौदलाची शिल्लक राहिलेली चौदा मालवाहू विमानं हे तिचं भांडवल. लढाऊ विमानं उडवलेली माणसं आता फळं-भाज्या आणि यंत्रांचे सुटे भाग वाहू लागली. पुढं ‘फ्लाइंग टायगर लाइन’ या नावानं ती कंपनी जगभर पसरली आणि १९८९ मध्ये फेडेक्समध्ये विलीन झाली. खुद्द फेडेक्सचे संस्थापक फ्रेडरिक स्मिथ व्हिएतनाममध्ये लढून आलेले मरीन. १७ एप्रिल १९७३ च्या रात्री त्यांच्या कंपनीनं चौदा छोट्या फाल्कन जेटनी २५ शहरांसाठी १८६ पार्सलं नेली. त्या काळात व्हिएतनामहून परतलेल्या वैमानिकांची देशात रेलचेल होती, आणि या नव्या धंद्यात त्यांची भरती साहजिक होती. मालवाहू कंपन्यांमध्ये लष्करी वळण दिसतं, त्याची मुळं या जन्मकथेत आहेत.

लॉगबुकातलं अंकगणित

आता तो १५६० चा आकडा पुन्हा बघू. अमेरिकेच्या नागरी नियमानुसार विमान उडण्यासाठी स्वतःच्या बळावर हललं की उड्डाणाचा वेळ सुरू होतो आणि उतरल्यावर ते थांबलं की संपतो. गर्दीच्या विमानतळावर रांगेत उभं राहून पाऊण तास गेला, तरी तो लॉगबुकात जमा होतो. हवाई दलात मात्र घड्याळ सुरू होतं ते विमान उड्डाणासाठी धावू लागलं की, आणि उतरलं की थांबतं. शिवाय लढाऊ विमानाची एक फेरी जेमतेम सव्वा-दीड तासाची. फेरी छोटी, तर फुकट गेलेल्या मिनिटांचं प्रमाण मोठं.

ही तफावत भरून काढायला बऱ्याच कंपन्या लष्करी अर्जदाराला प्रत्येक फेरीमागं थोडी भर देतात, साधारण ०.३ तासाची. आपल्या नमुन्यातल्या माणसानं समजा १२०० फेऱ्या केल्या, तर त्याच्या खात्यात ३६० तास वाढतात आणि १५६० चे १९२० होतात. लष्कराचं मालवाहू सी-१७ उडवणाऱ्याच्या दहा-दहा तासांच्या फेऱ्यांना या भरीचा फारसा उपयोग नाही, पण त्याला गरजही नसते.

दुसरी तफावत कॅप्टनपणाची. नागरी नियमानुसार विमान स्वतः हाताळणाऱ्या पात्र वैमानिकाला तेवढा वेळ कमांडचा म्हणून लिहिता येतो, भले विमानाची अंतिम जबाबदारी शेजारच्या माणसाकडे असो. भरती करणाऱ्या कंपन्यांना हे चालत नाही. त्यांना हवे असतात ते तास, जेव्हा विमानाच्या कागदांवर सही तुमची होती आणि काही बिघडलं असतं तर चौकशीला तुम्हालाच बोलावलं असतं. टर्बाइन इंजिनाच्या विमानावर अशी हजार तासांची कमांड हा या धंद्यातला जुना मापदंड आहे. लष्करातला वैमानिक इथं अनेकदा पुढं निघून जातो, कारण पंचविशीतच त्याच्या हाती सगळं विमान सोपवलेलं असतं. प्रवासी कंपनीतली सहवैमानिक पाच हजार तास उडूनही कमांडच्या रकान्यात रिकामी असू शकते.

हेलिकॉप्टरवाल्यांचा हिशेब आणखी निराळा. इराक-अफगाणिस्तानात रात्रीच्या अंधारात धुळीच्या लोटात उतरलेला माणूस विमानाच्या नोकरीला येतो तेव्हा त्याचे बरेच तास एकूण बेरजेत धरले जातात, पण पंखवाल्या विमानाचे किमान तास त्याला वेगळे कमवावेच लागतात. मग चाळिशीतला, छातीवर पदकं असलेला माणूस चार आसनी सेस्ना भाड्यानं घेऊन गावाभोवती चकरा मारताना दिसतो. माझ्या शिकवण्याच्या दिवसांत असे विद्यार्थी मला मिळाले. चुकूनही त्यांनी कधी तोरा दाखवला नाही.

पंधराशेचा आकडा आणि त्याच्या मर्यादा

२००९ च्या फेब्रुवारीत कोलगन एअरचं एक प्रवासी विमान न्यूयॉर्क राज्यात बफेलोजवळ एका घरावर कोसळलं. पन्नास माणसं गेली, त्यातला एक घरातला. मृतांच्या नातेवाइकांनी जो रेटा लावला त्यातून २०१० मध्ये कायदा झाला, आणि २०१३ पासून अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांत, प्रवासी असो वा मालवाहू, फर्स्ट ऑफिसरलाही सर्वोच्च परवाना बंधनकारक झाला. त्यासाठी एकूण १५०० तास लागतात. विमानविद्येची चार वर्षांची मान्यताप्राप्त पदवी असेल तर हजार तासांवर मर्यादित स्वरूपाचा परवाना मिळतो. लष्करी वैमानिकाला तो ७५० वरच मिळतो.

म्हणजे सरकारनंच एका अर्थी भाव ठरवून दिला: लष्करातला एक तास बरोबर बाहेरचे दोन. यावर नागरी वैमानिकांची कुरकुर मी भरपूर ऐकली आहे, तरुणपणी त्यात सूरही मिसळला आहे. पण लष्करी प्रशिक्षणात माणसं वाटेत गळतात, प्रत्येक फेरीनंतर चिरफाड होते, चुकीचा तास पुन्हा उडावा लागतो; आणि हे सगळं सरकारी खर्चानं, एका ठरलेल्या दर्जानं चालतं. बाहेर १५०० तासांत काय काय दडलेलं असेल, ते सांगता येत नाही. त्याच एका शेतावरून, त्याच स्वच्छ हवेत, त्याच विद्यार्थ्यांबरोबर घिरट्या घालूनही ते पुरे होतात. विहिरीत रोज तास-तास पोहणारा आणि पुराच्या नदीत चारदा उतरलेला यांच्यात कोण चांगला पोहतो, हे केवळ तास मोजून ठरत नाही.

गंमत अशी की बफेलोच्या अपघातातल्या दोन्ही वैमानिकांचे तास १५०० पेक्षा बरेच जास्त होते. नवा नियम त्यांना अडवू शकला नसता. चौकशीत पुढं आलं ते दुसरंच: कॅप्टन पूर्वी काही चाचण्यांत नापास झाला होता आणि त्यातलं सगळं त्यानं नोकरीच्या अर्जात सांगितलेलं नव्हतं.

कोण काय घेऊन येतो

मी स्वतः आलो तो पार्सलं वाहणाऱ्यांच्या सगळ्यात खालच्या पायरीवरून. सेस्ना कॅराव्हॅन, एकच इंजिन, एकच वैमानिक. मोठ्या केंद्रावरून आलेला माल पहाटे छोट्या गावांना पोहोचवायचा आणि संध्याकाळी तिथला माल परत आणायचा. रात्री ढगात एकट्यानं असं माल वाहायलाही नियमानं किमान १२०० तास लागतात, म्हणून आधी शिकवत राहायचं. पेट्या आपणच चढवायच्या, तोल आपणच बघायचा, पंखांवर बर्फ धरू लागला की निर्णयही आपणच घ्यायचा. कॅन्ससच्या हिवाळ्यात विमानाचा वेग हळूहळू उतरताना बघत बसणं आणि खालच्या हवेत बर्फ वितळेल की आणखी साचेल याचा अंदाज बांधणं, हे मला कुठल्या वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. या कामातून आलेला माणूस आभाळाला घाबरतही नाही आणि त्याला गृहीतही धरत नाही. पण त्याच्यात एक खोट असते. त्याला बोलायची सवय नसते. शेजारी कुणी नसताना वर्षं काढली की मनातलं मोठ्यानं बोलायला नव्यानं शिकावं लागतं.

लढाऊ विमानवाल्याचंही तसंच. त्याच्या विमानात तो एकटा. तो शिकतो विलक्षण वेगानं, आणीबाणीत त्याचे हात थरथरत नाहीत, टीका तो मनाला लावून घेत नाही. पण दीडशे टनांचं विमान त्याच्या विमानासारखं चटकन वळत नाही आणि वेगही चटकन सोडत नाही. उतरायची तयारी पन्नास-साठ मैल आधी मनात मांडावी लागते. शिवाय शेजारच्याला विचारत, सांगत, त्याचं ऐकत उडवायचं.

सी-१७, सी-१३० किंवा हवेत इंधन भरणाऱ्या टँकरवरून आलेला वैमानिक आमच्या कामाला सगळ्यात लवकर रुळतो. जड विमान, चमू, महासागर, अनोळखी देश, रात्र, माल; नवा असतो तो फक्त मालक. आणि कधीकधी तोही तितकासा नवा नसतो. युद्धकाळात सरकारनं बोलावलं की विमानं पुरवायची, असा करार १९५० च्या दशकापासून अमेरिकन विमान कंपन्या संरक्षण खात्याशी करत आल्या आहेत. त्यात फेडेक्स, यूपीएस, अॅटलस, कालिटा ही मालवाहू नावंही आहेत. मेम्फिसच्या विमानतळावरच टेनेसीच्या एअर नॅशनल गार्डचा, म्हणजे राज्याच्या राखीव हवाई दलाचा, सी-१७ चा तळ आहे, लुईव्हिलला केंटकी गार्डचा सी-१३० चा. एकाच विमानतळाच्या एका टोकाला सैन्याचा माल चढतो, दुसऱ्या टोकाला फोन आणि औषधं. गार्डमध्ये राहून कंपनीत नोकरी करणारे वैमानिक आठवड्यात दोन्ही टोकांना दिसतात. सैन्यसेवेमुळे नोकरीत कुणाला डावलता येणार नाही, परतल्यावर जागा परत द्यावी लागेल, असा कायदाच १९९४ पासून आहे.

आणि प्रादेशिक प्रवासी विमानांवरून आलेले? त्यांच्याकडे असते पुनरावृत्ती, आणि ती मी हलकी मानत नाही. दिवसाला चार-पाच उड्डाणं, शिकागोचं बर्फ, अटलांटाची वादळं, वेळापत्रकाचा दट्ट्या. दोघांनी मिळून ठरावीक शब्दांत काम करण्याची शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली असते. नव्या विमानाच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवसापासून ते घरच्यासारखे असतात. समुद्र ओलांडणं, परक्या देशांतले नियम, आणि दिवसाची झोप एवढ्याच गोष्टी त्यांना नव्या.

सी-१३० वरून आलेल्या माझ्या एका कॅप्टनला मी एकदा अॅटलांटिकवर विचारलं, “तुला माझ्यासारख्या नागरी माणसाबरोबर उडताना काय वेगळं वाटतं?”

तो म्हणाला, “तू हवामानाबद्दल आधी बोलतोस, मी इंधनाबद्दल. दोघंही शेवटी तिथंच येतो.”

म्हणून सुरुवातीच्या दोन अर्जांचं उत्तर असं: भरतीचा मोसम असेल तर दोघांनाही बोलावणं जातं. २०२१-२२ मध्ये ऑनलाइन खरेदीच्या लाटेवर मालवाहू कंपन्यांची चंगळ होती, वैमानिक मिळत नव्हते, आणि तराजू सैल झाला. २०२३ पासून माल घटला, हात आखडले गेले, आणि तोच अर्ज फाइलीत पडून राहू लागला. अनुभवाची किंमत ठरवण्यात बाजाराचा वाटा मोठा असतो, ही गोष्ट वैमानिकांना आवडत नाही, पण ती खरी आहे.

टेबलाच्या या बाजूनं

बोलावलेल्या उमेदवाराची आधी कागदं तपासतात. लॉगबुकाच्या बेरजा अर्जातल्या आकड्यांशी जुळतात का? मध्येच वर्षभर काहीच उडवलेलं नाही, तर का? लष्करातून येणाऱ्यांची शेवटची काही वर्षं पुष्कळदा कार्यालयात गेलेली असतात. हजारो तास असूनही गेल्या सहा महिन्यांत हात विमानाला लागलेला नसेल तर माझी पेन्सिल तिथं थांबते.

मग गप्पा. “कॅप्टनशी तुमचं पटलं नाही असा एखादा प्रसंग सांगा.” “नियम मोडायचा मोह झाला असा प्रसंग सांगा.” लष्करी उमेदवाराकडून मला ऐकायचं असतं की हुद्द्यानं लहान माणसानं अडवलं तेव्हा तो थांबला का. नागरी उमेदवाराकडून ऐकायचं असतं की कुणीच सांगणारं नव्हतं तेव्हा त्यानं काय ठरवलं. नंतर सिम्युलेटर, जिथं एखादं इंजिन आम्ही मुद्दाम बंद पाडतो आणि पुढच्या चुकीनंतर तो कसा सावरतो ते बघतो.

पण सगळ्यांत जास्त वजन पडतं ते जुन्या अपयशांच्या पानावर. २३ फेब्रुवारी २०१९ ला अॅमेझॉनचा माल नेणारं अॅटलस एअरचं एक ७६७ ह्यूस्टनजवळ उतरण्याच्या तयारीत असताना ट्रिनिटी उपसागरात कोसळलं. विमानातले तिघेही गेले. फर्स्ट ऑफिसरकडे पाच हजारांच्या आसपास तास होते. आकड्यांत खोट नव्हती. चौकशीत मात्र दिसलं की आधीच्या नोकऱ्यांमध्ये तो प्रशिक्षणात वारंवार अडखळला होता आणि ते त्यानं कंपनीला पूर्णपणे सांगितलं नव्हतं. वैमानिकांच्या नोंदी एका ठिकाणी साठवणारी सरकारी यंत्रणा अमेरिकी काँग्रेसनं २०१० च्या कायद्यातच मागितली होती. तिचा नियम पक्का व्हायला २०२१ उजाडलं.

खोट्या तासांचं सगळ्यांत भयंकर टोक मेम्फिसनं १९९४ मध्ये पाहिलं. नौदलातून आलेला फेडेक्सचा एक फ्लाइट इंजिनिअर. उड्डाण-तासांची खोटी माहिती दिल्याच्या आरोपावरून त्याची सुनावणी लागली होती. आदल्या दिवशी, ७ एप्रिलला, तो सॅन होझेला निघालेल्या डीसी-१० मध्ये प्रवासी म्हणून चढला आणि हातोड्यानं तिन्ही वैमानिकांवर तुटून पडला. डोकी फुटलेल्या त्या तिघांनी त्याला रोखून विमान मेम्फिसला सुखरूप परत आणलं. पण तिघांपैकी कुणालाही पुन्हा व्यावसायिक उड्डाण करता आलं नाही. तेव्हापासून आमच्याकडे तासांच्या बेरजेचा विषय कुणी थट्टेवारी नेत नाही.

नोकरी लागल्यावर

एवढं सगळं तोलून-मापून माणूस आत आला की तराजू कायमचा कपाटात जातो. वैमानिकाला मिळतो ज्येष्ठतेचा एक क्रमांक, आणि पुढची सगळी वर्षं तोच क्रमांक ठरवतो: कुठलं विमान, कुठला तळ, दिवाळीत घरी की होनोलुलूत, कॅप्टन कधी. एफ-१६ चा वैमानिक आणि कॅराव्हॅनवाला मी, एकाच वर्गात बसलो तर आमच्यात फरक उरतो फक्त क्रमांकाचा. सक्तीची निवृत्ती पासष्टाव्या वर्षी. हवाई दल प्रशिक्षणानंतर दहा वर्षांची सेवा मागतं, त्यामुळे तिथून येणारा पस्तिशीच्या आसपास आत येतो. नागरी वाटेनं आलेली मुलगी सत्ताविसाव्या वर्षीच येऊ शकते आणि जन्मभर त्याच्या पुढं राहते. लष्करातल्या तासाला सरकारनं दुप्पट भाव दिला खरा, पण ज्येष्ठतेच्या यादीत त्याला काहीच सूट नाही.

अलीकडं पुण्या-नागपूरहून मला पालकांचे फोन येतात. “दादा, मुलाला एअर फोर्सला घालू की गोंदिया-बारामतीला फ्लाइंग शिकवू? अमेरिकेत कशाला जास्त किंमत आहे?” त्यांना मी पहिल्यांदा हे सांगतो की अमेरिकेच्या सैन्यात वैमानिक अधिकारी व्हायला तिथलं नागरिकत्व लागतं आणि तिथल्या कंपनीत नोकरी करायला तिथं काम करण्याचा हक्क लागतो, तेव्हा तो हिशेब आत्ता मांडू नका. भारतात दोन्ही वाटा खुल्या आहेत. नागरी परवान्याला २०० तास, सर्वोच्च परवान्याला १५००, आणि हवाई दलातून बाहेर पडणाऱ्यालाही नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा द्याव्याच लागतात. हवाई दल त्या कामाची ओढ असणाऱ्यासाठी आहे. कंपनीच्या नोकरीची पायरी म्हणून तिथं जाणारा मुलगा दोन्हीकडं दुःखी होतो.

मग ते विचारतात, “बरं, मग त्यानं करायचं तरी काय?” त्या मुलाला माझं सांगणं एवढंच: रात्री उडव, ढगात उडव, सोप्या तासांमागं धावू नको. लॉगबुकात मिनिटभराचीही भर घालू नको. आणि एखाद्या चाचणीत नापास झालास, तर तेही लिहून ठेव, तारखेसकट, आणि विचारल्यावर सगळ्यांत आधी तेच सांग.